वालाची ओल

प्लेगाच्या पहिल्या हिवाळ्यात मुंबई बेट रिकामे होत होते. मी परळला मास्तर होतो. शाळा बंद पडली, तसा ट्रंक घेऊन मीही गावी निघालो. वाटेत, गिरणीमागच्या कापणी झालेल्या भातखाचरात, एक म्हातारा एकटाच वाल पेरत होता. रोज जाता-येता मी त्याला पाही. नाव कधी विचारले नव्हते. चिमूटभर माती उचलून तो गालाला लावी. थंड लागली की काठीने भोक पाडी, दोन दाणे टाकी आणि टाचेने माती दाबी.

“घरची माणसं कुठं आहेत?” मी विचारले.

“होडीनं रेवसला धाडली. म्हातारी जाताना बोलली, निदान वाल खायला तरी जगा.”

“मग तुम्ही पाणी घालायला थांबलात?”

तो हसला. “वालाला पाणी कोण घालतो, मास्तर? ओलीवर पेराचा, पुढं दंवावर वाढतो. पण ओल कुणासाठी थांबत नाय.” मग ट्रंकेकडे पाहून म्हणाला, “पोरं सगली गेली काय?”

“सात उरलीत.”

“मग ओल हाय की.”

कुणाच्या घरी एक वार जेवण, कुणाकडून एखादे जुने पुस्तक, अशा दंवावरच मी बी. ए. झालो होतो. मी ट्रंक परत खोलीवर नेली. दुसऱ्या दिवसापासून ती सात मुले खाचराच्या बांधावर, उघड्यावर, शिकू लागली.

वाल फुलला तेव्हा म्हाताऱ्याला इस्पितळात नेले. तो परतला नाही.

शेंगा तोडायला त्याची म्हातारी एकटीच आली. मी काही सांगण्याआधीच मुले पाट्या बांधावर ठेवून खाचरात उतरली.