माळ्यावरची एसएसडी

लिहायला बसण्याइतका माझा अधिकार नाही, हे मला कळतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि परीक्षेच्या पेपरांपलीकडे फारसं काही लिहिलेलं नाही. काही चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

नवा कॉम्प्युटर जोडून घ्यायला मी कोल्हापुरातल्या एका दुकानात गेलो होतो. बाकी सगळं ठरलं होतं, फक्त सगळी माहिती साठवणारी एसएसडी कुठली घ्यायची तिथं अडलं होतं. साटा म्हणजे चपटी डबी, एनव्हीएमई म्हणजे बोटाएवढी उघडी पट्टी. पट्टी कितीतरी वेगवान. पण टिकेल ती डबीच, असं आपलं मला वाटत होतं. कचरतच मी दुकानदारांना विचारलं.

"डबीत बी तसल्याच चिपा हायत," ते म्हणाले. "फरक पळण्यात हाय. का तुमी दगडावर आपटून बघणार हायसा, पावणं?"

मला हसू आलं, धीरही आला. मी सांगितलं, की बाहेरून जोडायची एक एसएसडी आमच्याकडंही आहे. ताईच्या लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ तिच्यात आहेत. आमचं गाव नृसिंहवाडीजवळ, नदीकाठी. छापील अल्बम ताईच्या सासरी पुरात भिजून लगदा झाला, आणि फोटोग्राफरनं आपली प्रत कधीच पुसून टाकली होती. म्हणून आईनं ती एसएसडी रुमालात गुंडाळून, डब्यात घालून माळ्यावर ठेवली. तेव्हापासून कुणी तिला हातसुद्धा लावलेला नाही. हे मी जरा अभिमानानंच सांगितलं.

त्यांचा स्क्रू ड्रायव्हर थांबला.

"माळ्यावर म्हंजे पत्र्याखाली?"

"हो."

"उन्हाळं किती गेलं?"

"दोन-तीन."

"हिला अधनंमधनं वीज दाखवावी लागती, पावणं. आत बारीक चार्ज धरल्याला असतोय, तो गळतोय. उन्हात तर आणि लवकर. जाईलच असं न्हाय, पण..."

पुढचं मला नीट ऐकू आलं नाही. पाण्यापासून लांब म्हणून आम्ही ती घरातल्या सगळ्यात तापणाऱ्या जागी नेऊन ठेवली होती. आणि कॉम्प्युटर शिकणाऱ्या मला हे दुकानात कळत होतं.

बाहेर येऊन मी आईला फोन लावला. "तो माळ्यावरचा डबा खाली काढ."

"का रं? जानेवारीत पूर आला व्हय?"

"ताईला एवढ्यात सांगू नको."

"ती हितंच हाय की."

ताईनं फोन घेतला. "काय झालं? माझं लगीन मोडलं का काय?"

दुकानदार जे म्हणाले ते मी तिला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी ती एसएसडी गावाहून आणून दुकानात नेली. जोडल्यावर फोल्डरांची नावं दिसली आणि स्क्रीन तिथंच अडकली. "ठेवून जावा," दुकानदार म्हणाले, "हिला घाई चालत न्हाय." माझ्या कॉम्प्युटरला मी पट्टी बसवायला सांगितली, ती वेगवान होती म्हणून. आणि लग्नाच्या फोटो-व्हिडिओंसाठी, काही निघालंच तर, विजेविना ठेवली तरी टिकणारी, फिरत्या तबकडीची जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क घेतली.

ताई रोज संध्याकाळी फोन करायची. एसएसडीचं नाव न काढता, जेवलास का, एवढंच विचारायची.

शेवटी मी कॉलेजच्या जिन्यात असताना दुकानदारांचा फोन आला.

"फोटू सगळं निघालं, पावणं. व्हिडिओ हळदीपतोर चालतोय. अक्षता न्हाईत त्यात."