तिला माझाच हात लागतो

रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत मला सगळे ‘कॉम्प्युटरकाका’ म्हणतात. तयार रिपोर्ट रोज सकाळी सात वाजता डॉक्टरांना धाडणारी स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या हुकमांची यादी, मी लिहिली, तेव्हापासून माझी कॉलर ताठ आहे. तिची खोड एवढीच, की मी खुर्चीत बसून चालवली तर सुरळीत चालते. घड्याळाच्या वेळेवर आपोआप चालायला सोडली, की ‘कमांड सापडली नाही’ म्हणून हात वर करते. दोन दिवस डोकं खाजवलं आणि मग जाहीर केलं, “तिला माझाच हात लागतो.” आठ वर्षं मी साडेसहाला घर सोडतोय. लोक कौतुक करायचे आणि मी फुगायचो.

मग बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, सोमवारी सकाळी साडेसातला.

“या वेळी तरी माझ्याजवळ बसाल ना?” तिने विचारलं.

मी छातीठोकपणे हो म्हणालो. आठवडाभर स्क्रिप्टशी झटापट केली आणि शेवटी सर्व्हरच्या नावाने बोटं मोडली.

रविवारी तिला दाखल केलं. दुपारी तिची शाल न्यायला घरी आलो, तर शाल सापडेना. फोन लावला.

“कपाटात आहे.”

“कुठल्या?”

“अहो, तुम्हाला सगळं फोडून सांगायला हवं! आतल्या खोलीतलं लोखंडी कपाट, मधला कप्पा, चादरींच्या खाली.”

शाल हातात घेतली आणि डोक्यात प्रकाश पडला: स्क्रिप्टलाही मी नुसतं ‘कपाटात’ एवढंच सांगत होतो! रिपोर्ट धाडायला ती ज्या प्रोग्रामला हाक मारते, तो कुठल्या फोल्डरमध्ये आहे, हे मी माझ्या लॉगिनच्या सेटिंगमध्ये लिहून ठेवलं होतं. मी बसलो की स्क्रिप्टला ते आयतं मिळायचं. आपोआप चालताना ते सेटिंग कुणी वाचतच नव्हतं! तडक ऑफिस गाठलं, स्क्रिप्टमध्ये प्रोग्रामचा पूर्ण पत्ता लिहिला, दहा मिनिटांनंतरची वेळ लावली आणि हात मांडीखाली दाबून बसलो. चालली. डॉक्टरांना सकाळचेच रिपोर्ट दुसऱ्यांदा गेले. वॉचमन माझ्याकडे बघत राहिला, कारण शाल माझ्या खांद्यावरच होती.

सोमवारी तिच्या खाटेशी बसलो असताना सात वाजून गेले, डॉक्टरांच्या तक्रारीचा फोन वाजला नाही.

“गेले ना रिपोर्ट? मग तोंड का पाडलंत?” बायको म्हणाली.

मी सगळं सांगितलं. ती हसली, आणि हसता हसता थांबली.

“म्हणजे आठ वर्षं सकाळचा चहा मी एकटीने घेतला, तो एका ओळीपायी?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला आत नेईपर्यंत मी तिचा हात सोडला नाही.