आकाशातला डॉक्टर आणि मंगळवारची जीप

उपग्रह घेऊन रॉकेट उडालं त्या सकाळी आमच्या दवाखान्यात तासभर एकाही पेशंटला तपासलं गेलं नाही. ओपीडीच्या बाकांसमोर टीव्ही आणून ठेवला होता. संस्थेचे अध्यक्ष, एक निवृत्त कर्नलसाहेब, बर्फीचा डबा घेऊन टीव्हीशेजारी उभे होते. उलटी मोजणी सुरू झाली तसं त्यांनी सगळ्यांना उठून उभं राहायला लावलं. एका कामगाराचं बोट यंत्रात सापडलं होतं, ते रुमालात गुंडाळून तोही उभा राहिला. धूर निघाला, टाळ्या झाल्या, बर्फी फिरली. कर्नलसाहेब म्हणाले, "आता आपला दवाखाना सरळ आकाशाशी जोडला जाणार!" मी त्या कामगाराला धरून ड्रेसिंगच्या खोलीत नेलं. रुमाल तोवर पुरता लाल झाला होता.

चंदीगडच्या इंडस्ट्रियल एरियात, फेज दोनमध्ये, तो धर्मादाय दवाखाना होता आणि त्याचं ऑफिस मी सांभाळत असे. नवऱ्याची केंद्र सरकारची नोकरी, दर तीन-चार वर्षांनी बदली. मिरजेला एका इस्पितळाच्या ऑफिसात शिकलेलं काम मी त्याच्याबरोबर गावोगाव घेऊन फिरत होते. चंदीगडला येऊन तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते. घरात मराठी, बाहेर हिंदी, आणि मुलगी मराठीत विचारलेल्या प्रश्नाला 'हां मम्मा, पक्का' असं उत्तर देणारी.

दवाखान्याचं एक छोटं आरोग्य केंद्रही होतं, मुल्लानपूरच्या पलीकडच्या एका गावात. दोन खोल्या, एक अंगण आणि एक नर्स. सिस्टर पन्नाशीच्या, पंजाबी, आवाज असा की गल्लीच्या टोकाला ऐकू जावा. दर मंगळवारी आमची जीप डॉक्टरीणबाईंना घेऊन तिकडे जायची. रस्ता पाऊण तासाचा. आसपासच्या चार गावांतल्या गरोदर बायका मंगळवार धरून यायच्या. बीपी, वजन, पोटाची तपासणी, गोळ्या. बाकीचे सहा दिवस सिस्टर एकट्या निभवायच्या, कारण मंगळवार येणार हे त्यांना आणि बायकांना ठाऊक असायचं.

ही जीप कर्नलसाहेबांना खुपू लागली. त्या काळात सगळ्यांना एकदम पुढे जायचं होतं. मोबाइल आले होते, कोपऱ्याकोपऱ्यावर सायबर कॅफे निघाले होते, आणि जीपने डॉक्टर पाठवणं म्हणजे बैलगाडीच्या काळातलं वाटायला लागलं होतं. उपग्रहाच्या डिश बसवणारी एक कंपनी आमच्याच फेजमध्ये होती. डेराबस्सीच्या औषधांच्या कारखान्यांना ते डिश बसवून देत. आमच्या संस्थेला त्यांनी दोन संच देणगी म्हणून दिले, एक दवाखान्याला आणि एक गावाला. बदल्यात पाटीवर कंपनीचं नाव.

त्यांचा इंजिनिअर पुण्याचा निघाला. तिशीचा, नुकताच बदलून आलेला. मी मराठी आहे म्हटल्यावर दुसऱ्या मिनिटाला त्याने मला वहिनी केलं.

"वहिनी, ब्रॉडबँड डायरेक्ट आकाशातून. खोदाई नाही, केबल नाही, टेलिफोनवाल्यांच्या विनवण्या नाहीत. डॉक्टर इथे बसणार, पेशंट तिथे. आणि ही तर सुरुवात आहे. पुढे हातातल्या फोनवर येईल सगळं, शेतात उभं राहून."

"सिग्नल किती लांब जातो?" मी विचारलं.

"वर छत्तीस हजार किलोमीटर. आणि तेवढाच खाली."

"आणि गाव पाऊण तासावर आहे."

"वहिनी, तुम्ही पण ना," असं म्हणून तो हसला. मला हसू आलं नाही, पण मी गप्प बसले. ते चुकलंच.

जानेवारीत डिश बसवायला आम्ही गावी गेलो. केंद्राला चांगलं सपाट छप्पर होतं. इंजिनिअर म्हणाला, डिश छपरावर बसवू. कर्नलसाहेब म्हणाले, नाही, अंगणात. छपरावर ठेवली तर पाहुण्यांना दिसणार कशी आणि डिशशेजारी उभं राहून फोटो कसा काढायचा? तेव्हा अंगणात, दक्षिणेकडच्या भिंतीपाशी, सिमेंटचा ओटा बांधून, उपग्रहाच्या दिशेने म्हणजे दक्षिणेला तोंड करून डिश बसली. भोवती पांढरे रंगवलेले दगड, गेरूने रंगवलेलं कुंपण. एखाद्या हुतात्म्याचं स्मारक असावं तशी.

भिंतीपलीकडे एका सरदारजींचं शेत होतं आणि त्यात झाडांच्या ओळीच ओळी. उंच, सरळ, एकाही झाडावर पान नाही. पॉपलर नावाचं झाड मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. आमच्या मिरजेकडे झाड म्हणजे आंबा, चिंच, बाराही महिने अंगावर पानं बाळगणारं. इंजिनिअरही पुण्याचा. आम्हा दोघांना ते खांब वाटले.

"ही मेलेली झाडं तोडत का नाहीत?" मी सिस्टरना विचारलं.

सिस्टर पोट धरून हसल्या. "मरे नहीं हैं मॅडमजी, सो रहे हैं। मार्च में देखना, इतने पत्ते आएँगे कि आसमान नहीं दिखेगा।"

हे वाक्य आम्ही दोघांनी ऐकलं. दोघांनीही त्यावर क्षणभर विचार केला नाही. इंजिनिअरने एक छापील कागद पुढे केला. त्यावर एक ओळ होती, 'डिशसमोर अडथळा नाही'. संस्थेतर्फे त्याखाली मी सही केली. आकाश निळंभोर होतं, फांद्यांमधून आरपार दिसत होतं. माझी सही मोठी आणि ठसठशीत आहे.

उद्घाटन झालं. डॉक्टरीणबाई इकडे पडद्यासमोर बसल्या, तिकडे सिस्टर. "आवाज येतोय का?" "येतोय जी." टाळ्या. फोटो. पुढच्या आठवड्यापासून मंगळवारची जीप बंद. 'प्रवासाची गरज संपली' हेच प्रकल्पाचं यश, असं कर्नलसाहेबांनी देणगीदारांना कळवून टाकलं. पगार न्यायला आल्या तेव्हा सिस्टरनी मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडमजी, टीव्ही में से हाथ निकलेगा? पेट कौन देखेगा?" मी म्हटलं, दोन महिने बघू या.

फेब्रुवारी बरा गेला. मार्चच्या मध्यापासून पडदा निळा पडू लागला. आधी चित्र अडखळायचं, मग आवाज जायचा, मग दोन्ही. इंजिनिअरकडे दर वेळी नवं कारण. एकदा सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे आला म्हणून. ते खरंही होतं, वर्षातून दोनदा काही दिवस तसं होतं, पण काही मिनिटांपुरतं. मग केबलमध्ये ओल शिरली म्हणून. मग सिस्टर बटण नीट दाबत नाहीत म्हणून. त्याच्या कंपनीचा नियम असा की तक्रार ईमेलनेच करायची, आणि गावातून ईमेल जाणार ती त्याच डिशमधून. सिस्टर चालत पीसीओवर जायच्या आणि फोन करायच्या. कंपनीतून उत्तर मिळायचं, "बहनजी, ईमेल कर दीजिए।"

दर मंगळवारी डॉक्टरीणबाई निळ्या पडद्यासमोर दोन तास बसायच्या आणि स्वेटर विणायच्या. मी त्यांना विचारलं, तुम्ही कर्नलसाहेबांना का सांगत नाही? त्या म्हणाल्या, "मैं तो ऑनलाइन हूँ जी।" चंदीगडच्या उन्हाळ्याच्या तोंडावर तो स्वेटर कुणासाठी होता देव जाणे.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दवाखान्याच्या फाटकाशी दुधाचा टेम्पो थांबला. कॅनच्या मधून सिस्टर उतरल्या आणि त्यांनी हात धरून एका बाईला उतरवलं. बाई आठव्या महिन्यातली. चेहरा सुजलेला, पाय चपलेत मावत नव्हते, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. बीपी पाहून डॉक्टरीणबाईंनी विणकाम जिथल्या तिथे टाकलं आणि तिला आत घेतलं.

मी सिस्टरवर ओरडले. "इतकं होईपर्यंत कळवलं का नाही?"

"पाँच बार पीसीओ से कंपनी को फोन किया," त्या माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडल्या. "मंगलवार होता था तो डॉक्टरनी जी हाथ लगाके देखती थीं। अब मैं किसको दिखाऊँ, डब्बे को? और डब्बा बंद है, पत्ते आ गए हैं। मैंने जनवरी में बोला था कि नहीं बोला था?"

बोलल्या होत्या. मला शब्द न् शब्द आठवला.

दुसऱ्या दिवशी इंजिनिअरला जीपमध्ये घालून मी गावी गेले. अंगणात पाऊल टाकलं आणि काही विचारायची गरजच उरली नाही. जानेवारीतले खांब हिरवेगार झाले होते. पानं इतकी दाट आणि अशी सळसळत होती की भिंतीपलीकडे आकाश म्हणून काही नव्हतंच. त्या हिरव्या भिंतीकडे तोंड करून डिश बसली होती, भोवती पांढरे दगड.

इंजिनिअरने मान वर करून पाहिलं. मग म्हणाला, "वहिनी, पॉपलर हा तसा सीझनल इश्यू आहे."

"बायका बारा महिने गरोदर असतात," मी म्हटलं.

त्याने सरदारजींना गाठून सुचवलं की पाच-सहा झाडांचे शेंडे छाटता येतील का. सरदारजी खाटेवर बसून मुळा खात होते. ते म्हणाले, "काका, आसमान तेरा, बूटे मेरे। तू अपना तवा उठा।" बूटे म्हणजे झाडं, आणि काका म्हणजे तिकडे लहान पोरगा. पुण्याच्या इंजिनिअरला वाटलं, आपल्याला मान दिला. तो थँक यू म्हणाला.

तवा उचलणं खरोखर सोपं होतं. छपराच्या उत्तरेच्या टोकाला डिश नेली असती तर ती झाडांवरून सहज पाहू शकली असती. मी तसं कर्नलसाहेबांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. दिवाळीनंतर दिल्लीहून पाहुणे येणार, छपराला जिना नाही, पाहुण्यांना शिडीवर चढवायचं का?

"मग डिश राहू दे अंगणात. जीप सुरू करा."

"मॅडम, जीप पुन्हा सुरू केली तर प्रकल्प फसला असा अर्थ होतो. आपण वर लिहून दिलंय, प्रवासाची गरज संपली."

"ती बाई आत पडून आहे, तिला सांगता का हे?"

"तुम्ही भावनेच्या आहारी जाताय," कर्नलसाहेब म्हणाले. मला आयुष्यात कुणी असं म्हटल्याची ती एकमेव वेळ. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तर त्याला ठसका लागला.

त्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. फोटो त्याला हवाच होता, आणि मला हवी होती मंगळवारची जीप. सरकारी नोकराच्या बायकोला एक गोष्ट बसल्याजागी कळते. कामाचं नाव बदललं की तेच काम चालतं. मी ऑफिसात बसले आणि एका पानाचा प्रस्ताव टाइप केला. 'उपग्रह केंद्राच्या नियमित देखभालीसाठी दर मंगळवारी वाहनाची फेरी आवश्यक. सोबत एक तांत्रिक आणि एक वैद्यकीय कर्मचारी असावा.' तांत्रिक कर्मचारी म्हणजे ड्रायव्हर. डिशवरची धूळ त्याने फडक्याने पुसायची.

कर्नलसाहेबांनी तो दोनदा वाचला. त्यांचा चेहरा उजळला. "हे मात्र पक्कं प्रोफेशनल काम झालं. देखभाल हवीच. अंतराळ तंत्रज्ञान आहे."

ते खोटं होतं आणि त्याखाली माझीच सही होती. अंगणात जानेवारीत केलेल्या सहीची मला अजून लाज वाटते. ह्या सहीची वाटली नाही.

पुढच्या मंगळवारी मी मुद्दाम जीपमध्ये बसून गेले. सिस्टरनी बायकांना निरोप धाडलेला होता. सतराजणी अंगणात बसल्या होत्या, बऱ्याचशा डिशभोवती, कारण पॉपलरची सावली तेवढीच भिंतीच्या आत पडत होती. डॉक्टरीणबाई एकेकीच्या पोटावर हात ठेवून तपासत गेल्या. त्या सतरा जणींतल्या दोघींचं बीपी वाढलेलं निघालं. दोघींना आम्ही परतताना जीपमध्येच घातलं. सिस्टरनी माझ्या हातात ताकाचा भलामोठा ग्लास दिला आणि तो संपेपर्यंत समोर उभ्या राहिल्या. सुजलेल्या पायांची ती बाई त्याच आठवड्यात बाळंत झाली. मुलगी, कमी दिवसांची, पण रडली जोरात.

त्यानंतरही उपग्रह वर जातच राहिले. दर वेळी टीव्हीवर टाळ्या, दर वेळी वर्तमानपत्रात तेच, की आता शेतात उभ्या राहिलेल्या माणसाच्या हातातल्या फोनवर आकाशातून सगळं उतरणार. उतरेलही. माझं रॉकेटशी भांडण नाही. रॉकेट वर गेलं म्हणून खाली जीप बंद करणाऱ्यांशी आहे, आणि त्यांच्या कागदांवर न बघता सही करणाऱ्यांशी. त्यात मी होते.

त्याच वर्षी डिसेंबरात, एका मंगळवारी सकाळी, इंजिनिअरचा फोन आला. आवाजात नुसता आनंद. "वहिनी, खुशखबर! पानं गळली. गावची लिंक क्लिअर आहे. एकदम फुल सिग्नल. डॉक्टरीणबाईंना पडद्यासमोर बसवा, पाहुणेही याच महिन्यात आहेत."

"त्या नाहीत इथे," मी म्हटलं.

"कुठे गेल्या?"

"तुमच्या डिशची देखभाल करायला."