राहीबाईच्या हाताचा गुण

कशेडी घाटाच्या अलीकडच्या एका वाडीत कुणाला भाजलं, की माणसं आधी राहीबाईच्या दारात जात आणि मग देवाचं नाव घेत. देवाला राग येत असेल तर येवो, पण राहीबाईच्या हाताला गुण होता. परसातल्या कोरफडीची पात कापून ती पिवळा चीक गळू देई, आतला गार, बुळबुळीत गर भाजल्या जागी थापी आणि वर केळीचं कोवळं पान ठेवून जुन्या लुगड्याची चिंधी बांधी. ती चिंधी जखमेला चिकटत नसे. राख भरून जखम सुकवणाऱ्यांचे हाल ज्यांनी पाहिलेत, त्यांना याचं मोल कळेल.

महाराष्ट्र राज्य झालं त्या उन्हाळ्यात राहीची पुतणसून बनू राब भाजायला गेली होती. भाताची रोपं करायची, त्या जमिनीवर शेण आणि कवळाचा, म्हणजे तोडलेल्या पालेदार डहाळ्यांचा, थर देऊन तो जाळतात. तिथं ती अडखळली आणि तिचा उजवा हात सबंध निखाऱ्यांत गेला. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. "काकी, माजा हात वाचव गो," एवढंच ती म्हणत राहिली. लावणी, दळण, भाकरी, सगळं त्याच हातावर.

राहीनं जीव ओतला. त्यांच्या घरातली रीत अशी, की भाजल्या हाताला वारा लागू द्यायचा नाही; पाची बोटं जुळवून सगळा हात एकाच पानात गुंडाळायचा. रोज ती पान बदले, नवा गर घाली. बोटं विलग करायला गेलं की बनू कळवळे, म्हणून राही ती तशीच राहू देई. तिला दया आली, आणि तिथंच चुकलं.

पू झाला नाही, ताप आला नाही. गुलाबी, कोवळी कातडी धरली. वाडी वाहवा म्हणाली. मग एका सकाळी पान सोडल्यावर बनूनं बोटं पसरून पाहिली, तर ती पसरेनात. नवी कातडी बोटांवरून एकसंध गेली होती.

महाडच्या डॉक्टरांनी हात निरखला. "औषध चांगलंच होतं, बाई," ते हळूच म्हणाले. "दोन बोटांच्या मधे पान सरकवायला हवं होतं, इतकंच. आता बोटं सोडवायची तर मुंबईला जावं लागेल."

त्यांनी शिव्या घातल्या असत्या, तर राहीला सोपं गेलं असतं. मुंबईला जाणं काही झालं नाही. लावणीत बनू डाव्या हातानं रोपं रोवी आणि सगळ्यांच्या मागं पडे. राहीबाईनं परसातली कोरफड मुळासकट उपटून ओढ्यात टाकली. दारी येणाऱ्याला ती म्हणे, "माज्या हाताला आता गुण नाय. जा."

पुढच्या राबाला शेजारचा हैबती हात भाजून घेऊन आला. राहीबाई पाठ फिरवून चुलीपाशी बसली. "मी नाय हात लावायची," ती म्हणाली.

बनूनं वाद घातला नाही. शेजारच्या परसातून पात आणली, चीक गाळला, पान फाडून पट्ट्या केल्या. जुळलेल्या उजव्या हाताखाली हैबतीचं मनगट दाबून धरून ती त्याचं एकेक बोट वेगळं गुंडाळू लागली. पण एका हातानं गाठ काही बसेना.

"काकी," ती म्हणाली, "माजी बोटं गेली ती गेली. ह्याची नको जायाला. गाठ मार गो."

राहीबाई उठली. रडत रडत तिनं पाचही गाठी मारल्या.