पिवळ्या तारेवरची सत्यवती

सत्यवती रामटेकेला गप्प बसवायला जाणाऱ्याने आधी आपल्या कानांची सोय पाहावी, असे हिंगण्याच्या त्या कापड गिरणीत म्हणत. नागपुरातल्या इंदोऱ्याची ही बाई इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून १९८८ साली तिथे लागली, आणि गिरणीभर फिरवलेली इथरनेटची जाड पिवळी तार तिच्या ताब्यात आली.

त्या तारेवरून यंत्रांचे निरोप जात. एका निरोपाला फ्रेम म्हणत, आणि तिची मांडणी वाढलेल्या ताटासारखी ठरलेली: आधी सावध करणारी खूण, मग कोणाला, कोणाकडून, मग मजकूर, शेवटी पडताळा. मजकुरातली पहिली जागा सत्यवतीने 'थांबा'साठी ठेवली होती. कामगाराने लाल बटन दाबले की पुढच्याच फ्रेममधून 'थांबा' जाई आणि कापड ओढणारा रोलर थांबे. एरवी ती जागा रिकामी.

तीच मॅनेजर चंद्रभान साहेबांच्या डोळ्यांत खुपली. तिथे त्यांना किती मीटर कापड निघाले याचा आकडा हवा होता. 'थांबा' लागेल तेव्हा वेगळा पाठवू, म्हणाले. रविवारी गिरणी बंद असताना त्यांनी तसे करूनही पाहिले. झटक्यात पोचला. पोचणारच! तारेवर दुसरे होते कोण?

"चालू पाळीत त्याले रांगेत उभं राहा लागते, साहेब," सत्यवती म्हणाली. "तोवर रोलर थांबत नाही."

"तुम्हा लोकांना सगळीकडे राखीव जागा लागते."

"लागते. अन् मी ते पुसणार नाही."

नवरा रुपराव त्याच रोलरवर होता. घरी तो काकुळतीला आला. "काहून भांडून राहिली वं? नोकरी जाईन ना!"

"नोकरी गेली त दुसरी पाहू. तुमचा हात गेला त कुठून आनू?"



सोमवारी साहेबांनी दुसऱ्याकडून जागा पुसून घेतली. गिरणी धडधडत होती. सत्यवती तडक रोलरशी गेली, एक लांब काठी त्याच्या तोंडाशी धरली आणि रुपरावला बटन दाबायला लावले. त्याने दाबले. रोलरने काठी ओढली, कडाकडा मोडली, आणि मग कुठे थांबला.

"काठीच तर होती," साहेब म्हणाले. "चला, काम सुरू करा."

बायकोला गप्प राहा म्हणणारा रुपराव तसाच उभा राहिला. त्याने तुटका तुकडा उचलून साहेबांपुढे धरला.

"करतो सुरू. पन आता तुमचा हात ठेवा साहेब, बटन मी दाबतो."

त्या पाळीत रोलर फिरला नाही.