बारवेवरचा उपद्रव

तुळजापूर तालुक्यातल्या एका गावात मी मास्तर होतो. तिथल्या बारवेच्या पायरीवर एक म्हातारा दिवसभर काठी घेऊन बसायचा. त्याच्या घोट्यावर नारूच्या, म्हणजे कातडीतून बाहेर येणाऱ्या जंताच्या, जखमांचे जुने वण होते. कुणी पाण्यात पाय घातला की काठी आपटायचा, "पाय भायेर! नारू लई वंगाळ. पाणी गाळून न्या!" बायकांच्या घागरींना फडकं आहे का, तेही डोकावून बघायचा.

एका उन्हाळ्यात गाव वैतागलं. निजामाचं राज्य गेल्यानं अर्ज आता उर्दूऐवजी मराठीत चालत होते, म्हणून त्याच्याविरुद्धचा अर्ज मीच लिहिला. त्यातला 'उपद्रवी' हा शब्दही माझाच. चावडीवरून त्याला बारवेची बंदी झाली. आम्ही सुखानं पाणी भरू लागलो, न गाळता.

पुढच्या उन्हाळ्यात माझ्या पोटरीतून नारूनं डोकं काढलं. म्हातारा न बोलावता आला. दोऱ्यासारखं ते जनावर काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढायचा, तुटू न देता. एकदाही रागावला नाही, याचाच मला राग यायचा.

शेवटच्या दिवशी त्यानं ती काडी चुलीत टाकली आणि हात धुतले.

"नारू पाण्यातनं पोटात गेला की सालभरानं भायेर येतो, मास्तर. अर्ज कवा लिव्हला व्हता तुमी?"