लुंगी, धोतर आणि ड्रेस कोड

"सर, सावंतसाहेब लुंगीत आलेत. वर सोडू का?"

सिक्युरिटीचा फोन होता. मी खाली गेलो. अकाउंट्समधला सावंत रिसेप्शनच्या सोफ्याशेजारी उभा होता. निळ्या चौकड्यांची लुंगी, वर इस्त्रीचा फॉर्मल शर्ट, गळ्यात आयडी कार्ड. कमरेच्या वर तो पूर्णपणे आमच्या कंपनीचा होता. कमरेखाली लालबागचा.

"सोफा असताना उभा का?" मी विचारलं.

"बसता येत नाही सर." त्याने सर्जनची चिठ्ठी पुढे केली. भगंदराचं ऑपरेशन. म्हणजे गुदद्वाराजवळची जखम, जी भरायला वेळ घेते आणि दोन पायांत विभागलेलं कुठलंही वस्त्र सहन करत नाही. डॉक्टरांनी पँट बंद केली होती. लुंगी चालेल, असं स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं. डॉक्टरांची अक्षरंही अशा बाबतीत स्वच्छ येतात.

मी त्या परळच्या ऑफिसात एचआरला होतो. एचआर म्हणजे माणसं घेणारं, काढणारं आणि मधल्या काळात त्यांना वाढदिवसाचा केक देणारं खातं. सावंत प्रोबेशनवर होता. प्रोबेशन म्हणजे उमेदवारीचा काळ. तो संपला की कन्फर्मेशन मिळतं आणि नोकरी पक्की होते. डिसेंबरअखेर त्याचं कन्फर्मेशन झालं नाही, तर ती जागाच बंद होणार होती. सुट्ट्या सगळ्या ऑपरेशनमध्ये संपल्या होत्या. त्याच वेळी वर्षअखेरचं क्लोजिंग सुरू होतं. आपल्याकडचे आकडे आणि बँकांचे आकडे जुळवून विलायतेला पाठवायचे असतात, ते हे काम. आमच्या शाखेत ते सावंतशिवाय कुणाला धड जमत नव्हतं. घरून करू देणं शक्य नाही, असं आयटीने कळवलं होतं. डेटा सिक्युरिटी.

मी राजाध्यक्ष साहेबांकडे गेलो. ते आमचे ब्रँच हेड. प्रभादेवीचे. दर मंगळवारी अनवाणी देवळात जाऊन मग ऑफिसला येणारे.

"लुंगी?" ते म्हणाले. "जोशी, हे ऑफिस आहे. चाळीची गॅलरी नाही."

साहेबांच्या पाठीमागे त्यांचाच एक फोटो फ्रेम करून लावला होता. आमची मूळ कंपनी स्कॉटलंडची. तिथल्या वार्षिक जेवणाला साहेब गेले होते, तेव्हाचा. त्यात त्यांनी भाड्याचा किल्ट, म्हणजे तिथल्या पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा घागरा, नेसला होता. लाल-हिरव्या चौकड्या, गुडघ्यापर्यंत मोजे, समोर केसाळ बटवा. चौकड्या चौकड्यांसारख्याच असतात, पण एडिंबराच्या चौकड्यांना परंपरा म्हणतात. मी फोटोकडे पाहिलं. साहेबांनी मी पाहिलेलं पाहिलं.

"ते वेगळं," ते म्हणाले. मग थोडे विरघळले. "फारच असेल तर धोतर नेसू दे. एथनिक डेच्या सर्क्युलरमध्ये धोतर आहे. धोतराला एक डिग्निटी असते."

धोतराचा काष्टा पायांमधून मागे नेऊन खोचतात. तो जिथून जातो नेमकी तिथेच सावंतची जखम होती. हे साहेबांना सांगणं शक्य नव्हतं. कर्मचाऱ्याचं दुखणं गुप्त ठेवायचं, हा आमच्या खात्याचा नियम. मी एवढंच म्हणालो की धोतर वैद्यकीय कारणाने चालणार नाही. "धोतराला काय वैद्यकीय?" साहेबांनी विचारलं. अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर, अशी आपल्याकडे म्हण आहे. जावयाच्या जागी एचआर असेल तर काय, याचा विचार जुन्या लोकांनी केलेला नाही.

सावंतला घरी पाठवलं.

इथे एक सांगायला हवं. त्याच वर्षी दिवाळीच्या आधी माझे वडील गेले. क्रियेला मी बसलो होतो. गिरगावातल्या आमच्या खोलीत दहा दिवस मी पंचा नेसून, उघड्या अंगाने चटईवर होतो. राजाध्यक्ष साहेब भेटायला आले. बूट दाराबाहेर काढले, माझ्यासमोर जमिनीवर बसले, हात जोडले. चांगलेच वागले. माझ्या पंचाला पाय किती, हा विषय निघाला नाही. तेराव्यानंतर मी पँट घालून कामावर गेलो, तेव्हा त्यांनी विचारलं की अप्रेझलचे पेपर कुठवर आले. तेही बरोबरच होतं. पँटमधल्या माणसाला काय झालंय हे कळायला मार्ग नसतो.

सावंतला घरी पाठवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. या वेळी काळ्या लुंगीत. चौकड्यांची धुवायला टाकली होती आणि मलमाचे डाग दिसू नयेत म्हणून आईने हिंदमाताहून काळं कापड आणलं होतं. दोन आठवडे पालथा पडून असल्यामुळे दाढी वाढली होती. चामड्याची चप्पल टोचते म्हणून पाय अनवाणी होते की आणखी कशाने, मी विचारलं नाही.

सिक्युरिटीवाल्याने त्याला अडवलं नाही. हात जोडून "स्वामी" म्हणाला आणि लिफ्टचं दार धरलं.

काळी लुंगी, दाढी, अनवाणी पाय. या शहरात याचा अर्थ एकच होतो. माणसाने शबरीमलाच्या अय्यप्पाची माळ घातली आहे, तो व्रतस्थ आहे. माळ कुठे आहे हे पाहायला शर्टाचं बटण उघडावं लागलं असतं. तेवढा संशयी कुणी नव्हता.

साहेबांनी काचेतून पाहिलं आणि मला बोलावलं. "अहो, काल सांगायचंत ना कारण काय ते."

"साहेब, डॉक्टरांचं सर्टिफिकेट—"

"ते राहू द्या. अशा गोष्टींना सर्टिफिकेट लागतं का?"

त्यानंतर सावंतच्या अडचणी एकेक करून मिटल्या. तो उभ्याने काम करायचा, तर लोक म्हणाले व्रतात खुर्ची वर्ज्य असेल. त्याच्यासाठी उंच टेबल आलं. अंडी खाणारे त्याच्यापासून लांब बसू लागले. कुणी केळी आणून ठेवायचं. हा मालवणी मुलगा डब्यातलं सुकट जिन्यात जाऊन खायचा.

तिसऱ्या दिवशी तो माझ्या केबिनमध्ये आला. "सर, सांगून टाकू का? आई म्हणाली, देवाक मधी आणू नको हां."

"तुला कुणी काही विचारलंय?"

"नाही."

"तू काही बोललायस?"

"नाही."

"मग आकडे जुळव," मी म्हणालो. ड्रेस कोडमध्ये गैरसमजाविषयी काही लिहिलेलं नव्हतं.

आकडे जुळले. मुदतीच्या आधी जुळले. साहेब खूश होऊन स्वतः फ्लोअरवर आले. सगळे उभे होते. साहेब सावंतसमोर थांबले. मग त्यांनी बूट काढले आणि खाली वाकले. व्रतस्थाच्या पाया पडतात, तसे.

सावंत झटकन मागे सरला. मागे कपाट होतं. त्याचा चेहरा वेदनेने पांढरा पडला.

"साहेब, नको," तो म्हणाला. "मी व्रत नाही केलं. माझं भगंदराचं ऑपरेशन झालंय."

साहेब वाकलेलेच राहिले. मग त्यांनी गालिच्यावर काहीतरी शोधलं, ते सापडल्यासारखं केलं आणि सरळ झाले. बूट मात्र घालावे लागले. लेसवाले होते. वेळ लागला. कुणी हसलं नाही. प्रत्येकाला आपापली केळी आठवत होती.

केबिनमध्ये साहेब म्हणाले, "त्याचं कन्फर्मेशन थांबवा."

"थांबवतो," मी म्हणालो. "कारण लेखी द्यावं लागतं. काय लिहू?"

"फसवणूक."

"त्याने काय सांगून फसवलं, असं स्कॉटलंडहून विचारतील. तो काहीच बोलला नव्हता. मग कोण काय समजलं आणि कोण कुणाच्या पाया पडलं, हे सगळं लिहावं लागेल. मराठीतून इंग्रजीत नीट येईल की नाही, सांगता येत नाही."

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. तिथे पूर्वी गिरणीची चिमणी होती, आता टॉवर आहे. मग त्यांनी हात पुढे केला आणि कन्फर्मेशनच्या कागदावर सही केली. "पण उद्यापासून तो मला इथे लुंगीत दिसता कामा नये."

सावंत कायम झाला. उरलेलं काम त्याने घरून केलं, स्वयंपाकघराच्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून, उभ्याने. डेटा सिक्युरिटीला काही झालं नाही. जखम भरल्यावर तो पँट घालून परत आला आणि पुन्हा कुणाच्या लक्षात येईनासा झाला.

जानेवारीत मला ड्रेस कोड सुधारायला सांगितलं. मी दोन कारणं घातली होती, धार्मिक आणि वैद्यकीय. साहेबांनी दुसरं खोडलं. म्हणाले, गैरवापर होईल. तो नियम तसाच आहे. पँटमधून सुटका हवी असेल तर देव लागतो, नाहीतर घरातलं कुणीतरी जावं लागतं. नुसतं दुखत असेल, तर चालत नाही.